राघोचं नाव कोण घेणार

शहापूरचे संपादक घरी आले आणि म्हणाले, आजी, तुम्ही एवढी बाळंतपणं केलीत, त्यावर आमच्या दिवाळी अंकाला लिहा. मी चौथी शिकले आहे. लिहिता येतं. पण बाळंतपणावर लिहिणार नाही. ज्या बायांची केली त्यांची नातवंडं आता वाचायला लागली आहेत, आणि कोणाची आजी कशी किंचाळली ते त्यांनी वाचायचं काही कारण नाही. मी नावांबद्दल लिहिते. सुईणीच्या कामाचा तो दुसरा भाग आहे. गेल्या वर्षी एका नावापायी आमच्या पाड्यातल्या पोराचं सगळं काम बुडालं, तेही लिहिते. ते पोर माझ्याच हातावर जन्मलं होतं.

आमचा पाडा डोळखांबच्या वरच्या अंगाला आहे. मी ह्या पाड्याची लेक. लग्न होऊन मुरबाडकडे गेले, नवरा लवकर मेला, सासरच्यांनी ठेवून घेतलं नाही, परत आले. चुलती सुईण होती, तिच्या हाताखाली शिकले. चुलती म्हणायची, अर्धं काम हाताचं आणि अर्धं तोंडाचं. तोंडाचं म्हणजे नाव.

आमच्या पाड्यात पोराला पाळण्यात घालायच्या आधी सुईण बांधावर जाते आणि ठरलेलं नाव मोठ्याने हाकारते. चार खाचरं सोडून पलीकडच्या बांधावर घरातलं कोणीतरी उभं असतं. त्याला नाव नीट ऐकू आलं तर ते पोराच्या वतीने ओ देतं. ओ आली की नाव पक्कं. नाही आली तर घरात जाऊन दुसरं शोधायचं. ह्यात देवाधर्माचं काही नाही. पोर उद्या गुरांमागे रानात जाणार, तिथे हाक पोचली पाहिजे. शोभेचं नाव रानात पोचत नाही.

एका पाड्यात एका नावाचे दोघे नकोत, हेही बघावं लागतं. आमच्याकडे एकदा दोन सोमा झाले. एकाने आंबे पाडले आणि मार दुसऱ्याने खाल्ला. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ते नाव घरात कोण घेणार, ते आधी बघायचं. आमच्याकडची सून सासऱ्याचं नाव घेत नाही, दिराचं घेत नाही. नव्या सुना नवऱ्याला नावाने हाक मारतात, ते मला ठाऊक आहे आणि माझी त्याला ना नाही. पण मेलेल्या सासऱ्याचं नाव त्यासुद्धा घेत नाहीत. जिवंत माणसाशी भांडून एखादी रीत मोडता येते. मेलेल्याशी कोण भांडणार. म्हणून आजोबांचं नाव नातवाला ठेवायचं म्हणाले की मी पहिल्यांदा त्या पोराच्या आईकडे बघायची. ती आयुष्यभर आपल्या पोराला नुसतं 'ए' म्हणणार असेल तर मी ते नाव बांधावर नेत नसे.

गिऱ्हाईकं तऱ्हेतऱ्हेची भेटली. वैशाखरे गावातल्या एकाला पोलिसांनी कशात तरी धरून बडवलं होतं. त्याला मुलगा झाला तेव्हा तो म्हणाला, नाव फौजदार ठेवायचं, म्हणजे ह्याला कोणी हात लावणार नाही. मी सांगितलं, नावाने अंगावर वर्दी चढत नाही. ऐकलं नाही. पोर मोठं झालं, जत्रेत मारामारीत सापडलं. हवालदाराने नाव विचारलं. पोराने खरं ते सांगितलं. त्याला इतरांपेक्षा एक कानाखाली जास्त बसली.

उंबरमाळीला एक पोर सारखं रडत होतं. लोक म्हणाले, नाव मानवत नाही, घराण्यातलं कोणी मेलेलं माणूस नाव मागतंय. अशा वेळी सुईणीला बोलावतात. वाटीत पाणी घ्यायचं, मेलेल्यांचं एकेक नाव घेऊन भाताचा एकेक दाणा पाण्यात टाकायचा. ज्याचा दाणा तरंगेल त्याचं नाव पोराला द्यायचं. भरलेला दाणा बुडतो आणि पोचट तरंगतो, हे भात लावणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. तरी वाटी पुढे आली की सगळे विसरतात. मी पोचट दाणा बोटात वेगळा धरलेला असे. त्या पोराच्या आईला दूध येत नव्हतं. मी नाव बदललं आणि जाताना सासूला सांगितलं, हिला दोन वेळा नाचणीची पेज आणि पोटभर जेवण द्या, नाहीतर नवं नावही मानवणार नाही. पोर गप्प झालं. श्रेय नावाला मिळालं.

आता हे काम बंद आहे. बाया दवाखान्यात जातात, जायलाच हवं, माझ्या हातून सगळ्याच वाचल्या नाहीत. नावं मोबाइलवरून निघतात. बांधावर कोणी जात नाही. पोरं गुरांमागेही जात नाहीत, कारण गुरं नाहीत आणि बरीचशी पोरंही पाड्यात राहिलेली नाहीत. मी दारात बसते.

तिथे मंगेश आला. मंगेश म्हणजे आमच्या दत्तूचा मुलगा. शहापूरला कॉम्प्युटर शिकला आणि भिवंडीकडच्या एका गोदामात पाळीवर जायला लागला. येऊन बसला आणि म्हणाला, "आजी, एक नाव ठेवायचंय."

"कोणाला झालं?"

"मलाच झालं म्हण."

"तुझं लगीन झालं नाय अजून."

"पोर नाय गो. भाषा."

मला कळलं नाही. त्याने समजावलं ते असं. मशीनला स्वतःची अक्कल नसते. नवी सून पहिल्या महिन्यात जशी सांगितलं तेवढंच करते, तसं ते असतं. त्याला सांगायच्या भाषा ठरलेल्या आहेत आणि त्या सगळ्या इंग्रजीतल्या. शाळेतली पोरं त्या इंग्रजीलाच घाबरतात, मशीनपर्यंत पोचतच नाहीत. म्हणून मंगेशने आपल्या बोलण्यातली भाषा केली होती. त्यात लिहायचं, टाकी भरली तर थांब, नाय तर चालू ऱ्हा. मशीन तसं करायचं. त्याने पाड्याच्या पाण्याच्या पंपाला ते जोडून दाखवलं. टाकी भरली आणि पंप आपोआप थांबला. मी बराच वेळ बघत होते.

"दुसऱ्या भाषांची नावं काय हायेत?" मी विचारलं.

"एकीचं सापाचं हाय. एकीचं कॉफीचं. एकीचं रत्नाचं. एकीचं तर नुसतं एक अक्षर."

"आईबाप कंटाळले असतील."

तो हसला. मित्रांनी त्याला बरीच नावं सुचवली होती, सगळी मोठी, ज्ञान आणि क्रांती असलेली. मी म्हटलं, ही चार खाचरांपलीकडे जाणार नाहीत. तो म्हणाला, नाव लहान हवं आणि नेटवर शोधलं तर दुसरंच काही पुढे येऊ नये. म्हणजे दोन सोमा नकोत. त्याचं काम आणि माझं काम एकच आहे असं मला तेव्हा वाटलं. बऱ्याच वर्षांत कोणी मला कामाचं विचारलं नव्हतं.

मग तो म्हणाला, "मी राघो ठेवणार हाय."

राघो म्हणजे त्याचा आजा, दत्तूचा बाप. माझ्याच वयाचा, बरोबर वाढलेला, आता नाही. राघोने कधी बैलाला पराणी टोचली नाही. बैलांना तो बोलून सांगायचा, वळ, थांब, नांगराचं अजून एक तास घे, आणि बैल ऐकायचे. मंगेश लहानपणी त्याच्या मागे नांगरामागून चालायचा. मशीनला आपल्या शब्दांत सांगता येईल हे त्याच्या डोक्यात कुठून आलं ते मला लगेच समजलं.

मी त्याला बांधावर नेलं. तो पलीकडे जाऊन उभा राहिला. मी हाक मारली, "राघो." ती हाक मी आधीही पुष्कळ वेळा मारली होती. मंगेशने पलीकडून ओ दिली. खाचरात काम करणारे दोन म्हातारे मान वर करून बघायला लागले.

परत आल्यावर मी म्हटलं, "नाव झकास हाय. पण घेणार कोण?"

"सगळी दुनिया घेईल."

"दुनियेचं सोड. तुझी आय घेईल?"

"आय आता पयल्यासारखी ऱ्हायली नाय, आजी. आय सगळ्यात आधी शिकली ती भाषा."

ते खरं होतं. मंगेशची आई कमळ शाळेत पोरांची खिचडी शिजवते. सातवी झालेली. तिने भाषा पहिल्यांदा उचलली आणि भावकीतल्या सुनांना शिकवली, कारण पंप सांभाळायचं काम बायांकडेच होतं. बाया पोरांपेक्षा लवकर शिकल्या. पाणी कधी येतं आणि कधी जातं ते त्यांना कोणी सांगावं लागत नाही. पण त्या सगळ्या राघोच्या घराण्यातल्या सुना. त्या भाषेला 'ती' म्हणायच्या. 'मंगेशची' म्हणायच्या. 'तिच्यात लिव' म्हणायच्या. मी दोनदा मंगेशला सांगितलं, अजून वेळ आहे. तो म्हणाला, काम चाललंय ना. काम चाललं होतं.

मग शहरातली एक संस्था पुढे आली. त्यांना पाड्यापाड्यांच्या शाळांत शिकवायला एक भाषा निवडायची होती. दोन त्यांच्यापुढे होत्या, एक मंगेशची आणि एक शहरातल्या मुलांनी केलेली. ज्याची निवडतील त्याला इथल्या शाळांतून शिकवायचं काम मिळणार होतं. मंगेशला गोदाम सोडून घरी राहता आलं असतं. नाही निवडली तर भाषा तिथेच संपली, कारण शाळेत एक आली की दुसरीला जागा नसते. हे तो मला चार वेळा म्हणाला. रात्रपाळीने त्याचे डोळे आत गेले होते.

संस्थेच्या मॅडम आल्या त्या दिवशी मी शाळेच्या दारात बसले होते. बाई चांगली होती, खाली सतरंजीवर बसली. चंदा नावाची सगळ्यात धाकटी सून पुढे झाली, तिने भराभर लिहिलं आणि पंप थांबवून दाखवला. मॅडम खूश झाल्या. मग त्यांनी मोबाइल धरला आणि म्हणाल्या, "आता व्हिडिओ घेऊ. तुमचं नाव सांगा आणि कोणती भाषा शिकलात ते सांगा."

"माझं नाव चंदा. मी भाषा शिकली."

"कोणती?"

"मंगेशची."

"भाषेचं नाव सांगा ना."

चंदाने पदर तोंडाला लावला. मागच्या दोघी हसायला लागल्या. मॅडमनी मोबाइल त्यांच्याकडे वळवला, तशा त्याही गप्प झाल्या. मग मॅडम कमळकडे वळल्या. "ताई, तुम्ही तर शिकवता. तुम्ही सांगा."

कमळ जमिनीकडे बघत म्हणाली, "पाटीवर लिवून दाखवू का?"

"लिहून नको, बोला."

कमळ बोलेना. मी दारातून म्हटलं, "राघो."

"आजी, तुम्ही शिकलात का ही भाषा?"

"नाय."

"मग त्यांना सांगू दे."

अख्ख्या पाड्यात ते नाव घेणारी मी एकटीच बाई, कारण मी इथली लेक, सून नाही. आणि मला त्या भाषेतलं एक अक्षर येत नव्हतं.

मॅडमना वाटलं, बायांना त्या दिवसापुरतं पाठ करवून बसवलंय. शेवटी मंगेशने खरं कारण सांगितलं. सांगताना त्याचे कान लाल झाले होते. मॅडम म्हणाल्या, "जी भाषा शिकवणाऱ्या बाईलाच तिचं नाव घेता येत नाही, ती मी मुलींपुढे कशी ठेवू?" मला त्या बाईचा राग आला, पण ती बोलली त्यात खोटं काही नव्हतं. नाव बदला आणि लवकर कळवा, असं सांगून त्या गेल्या.

बदलायला मंगेश तयार होता. दत्तू नव्हता. दत्तूने मुरबाडच्या बाजारापर्यंत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की माझ्या बापाच्या नावाची भाषा निघाली. आयुष्यात त्याला सांगण्यासारखं दुसरं काही घडलं नव्हतं.

"दादा, नुसतं नाव बदलायचंय. आतलं सगळं तेच," मंगेश बापाला म्हणाला.

"ठेवलं कोणी?"

"मीच."

"मग आता काढलंस तर बाप मी दुसऱ्यांदा जाळायचा."

मंगेशने बापाचा शब्द मोडला नाही. तो माझ्याकडे आला. "आजी, तुझं दाण्याचं कर. आज्याला विचार, नाव सोडतो का." त्याचा त्यावर विश्वास नव्हता. माझाही नव्हता. पण दत्तूचा असेल असं आम्हां दोघांना वाटलं.

मी वाटी घेऊन त्यांच्या ओटीवर बसले. दत्तूला सांगितलं, दाणा तरंगला तर राघोने नाव सोडलं असं समजायचं. बोटात पोचट दाणा धरला.

दत्तू म्हणाला, "आते, हात दाखव."

"कशाला?"

"उंबरमाळीचं आमाला ठाव नाय व्हय? तुझा दाणा नको. माझ्या कणगीतला टाक." त्याने स्वतः कणगीत हात घालून टपोरा दाणा आणून दिला. त्याच्या शेतातलं भात भरलेलं असतं, त्याबद्दल त्याला नावं ठेवता येणार नाहीत. दाणा वाटीत पडला आणि दगडासारखा तळाला गेला.

कमळ चुलीपाशी होती. तिने बघितलं आणि परत चुलीकडे तोंड केलं. मंगेश बाहेर निघून गेला. जन्मभर ज्या जोरावर मी सासवांना सुनांना जेवू घालायला लावलं, तो जोर त्या वाटीत संपला.

पुढचं आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याने उगाच आशा धरू नये. मंगेश आता पुण्याकडे असतो, दुसऱ्यांच्या भाषांत काम करतो. शाळेत दुसरी भाषा शिकवतात. तिचं नाव छान आहे, पोरं ते घेतात, आणि इंग्रजी शब्दांपाशी आली की गप्प बसतात. पंपाचं मशीन पावसाळ्यात बिघडलं. दुरुस्त करणारा इथे नाही. बाया पुन्हा टाकीवर चढून आत बघतात.

पण एक दिवस सांगायचा राहिला. दाणा बुडाला त्यानंतर थोड्या दिवसांनी मी त्यांच्याच ओटीवर बसले होते. दत्तू दोरी वळत होता. कमळ भाकऱ्या थापत होती. मंगेश कामावर गेलेला. कमळचा फोन वाजला. हात पिठात, म्हणून तिने कोपराने फोन पुढे सारला आणि एका बोटाने मोठ्या आवाजावर लावला.

"ताई, मंगेशचा फोन लागत नाही," मॅडम म्हणाल्या. "त्याला निरोप द्याल का?"

"मॅडम, आधी माझं ऐका," कमळ म्हणाली.

तिने दत्तूकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही. फोनकडे बघत होती.

"आमच्या भाषेचं नाव राघो हाय. मी राघो शिकले. मी राघो शिकवते. चंदा बी घेईल नाव, मी सांगते तिला. नाव बदलायचं कारण नाय."

दत्तूच्या हातातली दोरी थांबली. लग्न होऊन आल्यापासून त्या घरात कमळने ते नाव कधी घेतलं नव्हतं. राघो आजारी असताना मी दाराशी आले की ती मला म्हणायची, आत्याबाय, ते निजलेत. तो मेला तेव्हा रडतानासुद्धा तिने नाव घेतलं नव्हतं.

मग मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "ताई, काल ठरलं आमचं. दुसरी भाषा घेतली. तेच सांगायला फोन केला होता."

"व्हिडिओ लावा," कमळ म्हणाली. "मी परत सांगते."

"आता नाही होणार, ताई. त्या दिवशी म्हणाला असतात तर..."

बाई आणखी काहीतरी चांगलं बोलली आणि फोन बंद झाला. दत्तू रागावेल असं मला वाटलं होतं. तो रागावला नाही. दोरीचं टोक दोन बोटांत धरून नुसता बसला. त्याने बापाचं नाव राखलं होतं आणि ते त्याच्या बायकोच्या तोंडून ऐकूनही घेतलं होतं, आणि दोन्हींतून काही हाती लागलं नव्हतं. तव्यावरची भाकरी करपली.

कमळ उठली आणि दारात जाऊन उभी राहिली. समोर खाचरं होती, भात कापून झालेलं.

"राघो," ती म्हणाली. मोठ्याने. हाकेसारखं.

माझ्या तोंडात ओ आली होती, सवयीने. मी दिली नाही. कोणाच्या वतीने देणार?